वळिवड्याची छावणी आणि परभणीची पोरकी मुले

युक्रेनच्या रणभूमीवरून रशियाने आपल्या प्रदेशात नेलेल्या मुलांच्या प्रकरणी हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी रशियाचे अध्यक्ष पुतिन आणि त्या देशाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटकेचे हुकूम काढले, ही गोष्ट वाचकांना स्मरत असेल. रशियाचे त्यावरील उत्तर साधे आहे. तोफांच्या माऱ्यात सापडलेल्या निराधार मुलांना आम्ही उचलले, त्यांना अन्न, वस्त्र व निवारा दिला, कित्येकांना आमच्या कुटुंबांत घर मिळवून दिले. यात गुन्हा तो कोणता, असा त्याचा सवाल आहे. सवाल वरवर बिनतोड वाटतो. उपाशी पोराच्या मुखात घास घालणाऱ्याला न्यायालयात का खेचावे, असे एखाद्या भोळ्या सज्जनास वाटले तर त्यात नवल नाही. परंतु या सवालाचे उत्तर शोधण्यासाठी हेगला जाण्याचे कारण नाही. ते आपल्या महाराष्ट्रातच, कोल्हापूर-मिरज लोहमार्गावरील वळिवडे या गावी ऐंशी वर्षांपूर्वी देऊन ठेवलेले आहे. आणि आम्ही ते येथे परभणीत बसून आज उकरून काढीत आहोत, याचे कारण आमच्याच जिल्ह्यातील पोरक्या मुलांशी त्याचा फार निकटचा संबंध आहे.

१९३९ च्या सप्टेंबरात हिटलरने पश्चिमेकडून व स्टालिनने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्व पोलंडातील लक्षावधी माणसांना १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले. कडाक्याची थंडी, उपासमार आणि टायफस यांनी तेथे घरेच्या घरे धुऊन निघाली. पुढे हिटलर रशियावर उलटल्यावर स्टालिनला पोलिश लोकांशी जुळवून घेणे भाग पडले. जुलै १९४१ च्या करारान्वये हे कैदी सुटले, जनरल अँडर्स यांच्या हाताखाली त्यांचे सैन्य उभे राहिले आणि १९४२ साली त्या सैन्याच्या मागोमाग हजारो बायकापोरे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. मुलांची एक तुकडी तर त्याआधीच अश्काबादहून मोटारलॉऱ्यांत बसून मशहद-झाहिदानच्या वाटेने हिंदुस्थानच्या सरहद्दीत शिरली होती. पोलंडची विख्यात गायिका हान्का ओर्दोनुवना या मुलांच्या सोबत होती. १९४२ च्या एप्रिलमध्ये ही पोरे मुंबईत पोचली आणि प्रथम वांद्र्याला राहिली. अंगावर मांस नाही, डोक्यावर केस नाहीत, आणि उशीखाली पावाचा तुकडा लपवून ठेवल्याखेरीज झोप नाही, अशी सैबेरियातून सुटलेल्या मुलांची तेव्हाची अवस्था होती.

त्यांना पहिले आवतण दिले ते नवानगरच्या जामसाहेबांनी. दिग्विजयसिंहजी हे नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष, ब्रिटिशांच्या युद्धमंत्रिमंडळात हिंदुस्थानचे प्रतिनिधी, म्हणजे काँग्रेसच्या दृष्टीने सरकारधार्जिणे संस्थानिक. तथापि जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांनी या मुलांसाठी जी वसाहत उभारली तीमुळे वॉर्सा शहरातील एका चौकास आज त्यांची आठवण म्हणून 'भल्या महाराजां'चे नाव मिळालेले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले तेव्हा त्यांनी या चौकात आणि तेथील कोल्हापूर स्मारकापाशी फुले वाहिली, हेही वृत्तपत्रांतून आले होते. कोल्हापूरचे नाव वॉर्साच्या दगडावर कोरले गेले याचा आनंद आपल्याला झाला. मात्र ते का कोरले गेले हे किती मराठी घरांत ठाऊक आहे, याची आम्हांस शंका आहे.

वळिवड्याची छावणी १९४३ च्या जूनमध्ये सुरू झाली आणि १९४८ साली मोडली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहिली. त्यांत बहुतेक सर्व स्त्रिया आणि मुले. कोल्हापूरच्या गादीवर त्या वेळी दत्तक घेतलेला बालराजा होता व कारभार राजप्रतिनिधींच्या हाती होता, हा योगायोगही नोंदण्यासारखा आहे. छावणी म्हटले की तारेचे कुंपण, लांबच लांब पंगती आणि शिट्टीवर उठणारी-बसणारी माणसे असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. वळिवडे तसे नव्हते. कौलारू बराकींचे लहान लहान भाग पाडून एकेका कुटुंबाला एकेक बिऱ्हाड दिलेले होते. त्याला ओटी होती, चूल होती. कुटुंबाला भत्ता मिळे. त्यातून घरची बाई आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या आपल्या माणसांकडून भाजी, अंडी, दूध घासाघीस करून घेई आणि आपल्या पद्धतीचे जेवण रांधी. शाळा होत्या, दवाखाना होता, बालवीरांची पथके होती, आणि मध्यभागी लाकडी क्रूस मिरवणारे देऊळ होते. ज्यांचे कोणीही उरलेले नव्हते त्या मुलांसाठी याच वस्तीत निराळे अनाथगृह होते. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते नेमके हे शेवटचे. अनाथगृह वस्तीबाहेर, भिंतीआड नव्हते. त्यातील पोरगा ज्या बाकावर बसे त्याच बाकावर शेजारी आई असलेला पोरगा बसे. रविवारी दोघे एकाच प्रार्थनेला जात. नाताळच्या रात्री पोलिश घरांत जेवणाच्या मेजावर अनपेक्षित पाहुण्यासाठी एक ताट रिकामे मांडून ठेवण्याची जुनी चाल आहे. सैबेरियात आपली माणसे गमावून आलेल्या वस्तीत तशा रिकाम्या ताटाचा अर्थ काय होत असेल, हे कोणी समजावून सांगण्याची जरुरी नाही.

आणखी एक गोष्ट. ज्यांना आपण सरसकट 'अनाथ' म्हणतो त्या पोलिश मुलांपैकी कित्येक खऱ्या अर्थाने अनाथ नव्हतीच. कोणाची आई इस्पितळात राहिली होती, कोणाची चुकामूक झाली होती, कोणाचा बाप अँडर्सच्या सैन्यात होता. १९४४ च्या मे महिन्यात माँते कॅसिनोच्या टेकडीवर पोलिश पलटणींनी झेंडा रोवला तेव्हा त्यांतील काही शिपायांची मुले पंचगंगेच्या काठी भूगोलाच्या तासाला इटलीचा नकाशा पाहत होती. (त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढत होते, आणि त्यांतील यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी तेथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हे या ओघात सांगून टाकतो; आपल्या खेड्यांतील मुलांचे बापही तेव्हा दूर होते.) छावणीत मुलाचे नाव, जन्मगाव, आईबापांची नावे जपून लिहून ठेवली जात, ती यासाठी की उद्या कोणी विचारीत आले तर मूल सापडावे.

हे वाचून गहिवरण्यापूर्वी वाचकांनी थोडे थांबावे. १९४३ हे बंगालच्या दुष्काळाचे वर्ष आहे. वळिवड्यात बराकी उभ्या राहत होत्या त्याच महिन्यांत कलकत्त्याच्या फुटपाथांवर आपली माणसे पेजेच्या भांड्यासाठी मरत होती. त्या दुष्काळातील बळींची संख्या वीस ते तीस लाखांच्या घरात मानली जाते. बंगालच्या पोरक्यांसाठी बिऱ्हाडागणिक ओटी आणि चूल कोणी बांधली नाही. शिवाय वळिवड्याचा खर्च मुख्यत्वे लंडनस्थित पोलिश सरकारच्या नावे पडत होता. नवानगरची गोष्ट थोडी वेगळी. तेथे संस्थानिकांच्या व इतरांच्या देणग्या होत्या. तेव्हा 'भारताने जगाला दाखविलेली करुणा' असे भाषणांतून जे मोठ्या आवाजात सांगितले जाते त्यातील निम्मा आवाज कमी करणे इष्ट होईल. शेजारच्या साताऱ्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार साम्राज्याशी झुंजत असताना ही वसाहत त्याच साम्राज्याच्या व्यवस्थेने चालली होती. मात्र करुणा कोणाच्या खर्चाने झाली यावरून ती कशी करावी याचा धडा खोटा ठरत नाही. उलट, बंगालची आठवण ठेवल्यानेच हे दिसते की पैसा आणि इच्छा असेल तर सरकार नावाची वस्तू मुलाला पंगत न देता घर देऊ शकते.

आता धर्माचा प्रश्न. ख्रिस्ती अनाथाश्रम म्हटल्याबरोबर आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाच्या कपाळावर एक आठी उमटते, आणि ती सर्वस्वी निष्कारण आहे असे आम्ही म्हणणार नाही. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन काढले तेव्हा न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर त्यांच्या पाठीशी होते. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून हेच लोक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुण्याच्या वृत्तपत्रांनी त्या वेळी बाईंवर जी झोड उठविली तिचा प्रतिध्वनी अजून पुरता विरलेला नाही. पण त्याच रमाबाई १८९६ च्या व पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्य प्रांत व गुजरातमधून शेकडो मुली घेऊन केडगावास आल्या. त्या मुलींना आणायला त्यांच्याआधी दुसरे कोणी गेले होते काय, हा प्रश्न झोड उठविणाऱ्यांनी स्वतःस क्वचितच विचारला. केडगावच्या मुक्तिसदनात आजही मुले लहान लहान गटांत, प्रत्येक गटाला एक 'आई', अशा घरगुती पद्धतीने वाढतात. हीच कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाच्या हेरमान ग्माइनर यांनी उचलली. १९४९ साली इम्स्ट गावी त्यांनी युद्धात पोरक्या झालेल्या मुलांसाठी पहिले बालग्राम स्थापन केले आणि एक आई, काही भावंडे, एक घर व एक गाव असा चौफेर आधार मुलाभोवती रचला. ती पद्धत भारतात आली. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ती आमच्या शेजारी लातुरात येऊन पोचली. ख्रिस्ती परंपरेतून उगवलेली ही कल्पना धर्माच्या शिक्क्यावाचूनही रुजू शकते, याचा हा पुरावाच होय. आणि ती केवळ ख्रिस्त्यांचीच आहे असेही नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृहात जन्मलेल्या यशवंताला आश्रमाचा मुलगा म्हणून ठेवले नाही. दत्तक घेऊन घरचा मुलगा केले.

वळिवड्याला या वादात एक अपूर्व स्थान आहे. तेथे हिंदू राज्याच्या भूमीवर कॅथलिक मुले आली, कॅथलिकच राहिली व कॅथलिक म्हणूनच परत गेली. बालाचडीस जामसाहेबांनी त्या मुलांना हिंदू केले नाही, त्यांची पोलिश भाषा सोडविली नाही, की त्यांची नावे बदलली नाहीत. छावणीचा प्रमुखच फ्रान्सिशेक प्लुटा नावाचा पोलिश धर्मगुरू होता. मूल संकटात सापडले आहे, ते लहान आहे, ते नाही म्हणू शकत नाही. अशा वेळी त्याचा देव व त्याची भाषा त्याच्यापाशी राहू देणे यात आश्रयदात्याची खरी कसोटी असते. हिंदू मुलाला आश्रय देणाऱ्या ख्रिस्ती संस्थेला जो नियम आपण लावतो तोच मुसलमान वा ख्रिस्ती मुलाला आश्रय देणाऱ्या हिंदू संस्थेलाही लावण्याची तयारी आपली असली पाहिजे. नसेल, तर कपाळावरची ती आठी धर्मनिष्ठेची नसून निव्वळ संख्येच्या हिशेबाची आहे.

युद्ध संपले आणि या मुलांवरून दुसरा झगडा सुरू झाला. वॉर्सामध्ये कम्युनिस्ट राजवट आली होती. ही पोलंडची मुले आहेत, ती परत द्या, असा तिचा दावा होता. कायद्याच्या कागदावर तो दावा दुबळा नव्हता. परंतु ज्या सत्तेने या मुलांचे आईबाप सैबेरियात गाडले तिच्या छायेखाली परत जाण्याची धास्ती अनेकांना होती. तेव्हा ज्यांचे कोणी नव्हते अशा बालाचडीच्या मुलांचे पालकत्व फादर प्लुटा, एक ब्रिटिश अधिकारी आणि स्वतः जामसाहेब यांनी रीतसर आपल्याकडे घेतले. दत्तकविधानाचा असा उपयोग इतिहासात फार वेळा झालेला नसेल. १९४६ मध्ये बालाचडी बंद होऊन तेथील मुले वळिवड्यास आली आणि पुढे कोणी इंग्लंड, कोणी अमेरिका, कोणी ऑस्ट्रेलिया अशी पांगली. काही पोलंडलाही परतली. रिकाम्या झालेल्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि त्या जागी गांधीनगर वसले. आज कापडाची ठोक बाजारपेठ म्हणून ते सर्व दक्षिण महाराष्ट्राला माहीत आहे.

येथे रशियाच्या सवालाचे उत्तर हाती येते. जामसाहेबांनी परक्या देशाची मुले दत्तक घेतली आणि रशियानेही परक्या देशाची मुले आपल्या कुटुंबांत दिली. मग एकाच्या नावाचा चौक व दुसऱ्याच्या नावाचे वॉरंट का? एकाने मुलाचे नाव, भाषा, देव व हयात नातलग यांची नोंद राखली. दुसऱ्याने मुलाला नवे नागरिकत्व देण्याची वाट १९२२ च्या नव्हे, २०२२ च्या एका फर्मानाने सोपी केली, आणि युक्रेनमध्ये आजी वा मावशी वाट पाहत असताना मूल मात्र वेगळ्या इतिहासाच्या पुस्तकातून शिकू लागले. दोन्हीकडे अन्न होते, दोन्हीकडे छप्पर होते. गाझापट्टीत तर ऑक्टोबर २०२३ पासून जी मुले एकटी उरली त्यांच्यासाठी यांतले छप्परही दुर्मिळ झाले. पण छप्पर देताना मुलाचा मागचा धागा तोडायचा की राखायचा, यावरच आश्रय आणि अपहरण यांतील सीमारेषा ठरते.

मग परभणीचा यात संबंध काय? आमच्या जिल्ह्यातील गंगाखेडची एक पोर आठशे वर्षांच्या अंतरावरूनही अवघ्या महाराष्ट्राला आपली वाटते. परंपरा सांगते की आई गेल्यावर बापाने जनीला पंढरपुरास आणून दामाशेटींच्या घरी ठेवले. नामदेवांच्या घरात ती वाढली, भावंडांत वावरली, विठ्ठल तिला तेथेच भेटला. तिच्या भाग्याला घर आले, आणि मराठी भाषेच्या भाग्याला जनाबाई. तथापि त्या घरात तिचे नाते 'दासी'चे होते, हे भक्तिभावाच्या भरात आपण विसरतो. पोरक्याला घरात घेणे आणि पोरक्याला घरकामाला घेणे यांत एका भांड्याचेच अंतर असते. कौटुंबिक संगोपनाची भलामण करणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीही, ही धोक्याची घंटा कानांआड करता कामा नये. ज्या घरात मूल सोपवायचे त्या घरावर नजर ठेवणारा कोणी हवा.

आज परभणी, सेलू, जिंतूर, पाथरी, पालम, कोणत्याही तालुक्याला जा. कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याचे घर आढळेल. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे आजीजवळ राहिलेली पोरे आढळतील. २०२१ च्या महामारीत एकाच पंधरवड्यात दोन्ही छत्रे हरपलेली भावंडे आढळतील. या मुलांना बहुधा आई असते, नाहीतर आजी, चुलता वा मामा असतो. जे नसते ते त्या आईच्या हाती चार पैसे. अशा वेळी कोणी सज्जन मोटार घेऊन येतो, मुलांना दूरच्या शहरातील संस्थेत नेतो, छायाचित्र निघते आणि गावाला सुटल्यासारखे वाटते. अशा संस्थांत प्रामाणिक माणसे पुष्कळ आहेत, त्यांच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही. आई जिवंत असताना मूल 'अनाथ' म्हणून दोनशे कोस दूर जाते, थोरली बहीण एका संस्थेत व धाकटा भाऊ दुसऱ्या संस्थेत वाढतो, आणि दहा वर्षांनी गावी परतलेल्या त्या तरुणाला आपल्या आजीशी काय बोलावे ते सुचत नाही.

कायदा या बाबतीत आंधळा नाही. २०१५ चा बाल न्याय अधिनियम स्पष्ट सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय होय; त्याआधी त्याचे स्वतःचे कुटुंब, मग नातलग, मग दत्तक वा प्रतिपालक घर. महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना याच तत्त्वावर उभी असून २०२३ पासून तिचे अनुदान दरमहा २,२५० रुपये झाले आहे. तिला सावित्रीबाईंचे नाव आहे, ते यथोचित आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यखाली दरमहा ४,००० रुपयांपर्यंतचे साहाय्यही मिळू शकते. वळिवड्यात पोलिश बाईच्या हाती पडणारा भत्ता आणि हे अनुदान यांत तत्त्वतः काडीचा फरक नाही: सरकारने इमारत न बांधता चूल पेटती ठेवायची. फरक पडतो तो पोचण्यात. पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, मुलाचे बँकखाते आणि गृहभेटीचा अहवाल एवढे सर्व जमवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालण्यास मजुरीचे किती दिवस बुडवावे लागतात, याचा हिशेब एकदा एखाद्या विधवेसमोर बसून करावा. पैसा सहा महिन्यांनी एकरकमी आला तर तो सावकाराच्या घरी जातो, मुलाच्या ताटात नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनापाशी आमचे मागणे मोठे नाही. परभणीच्या नऊही तालुक्यांत ग्राम बाल संरक्षण समित्या कागदावर आहेत. सरपंच व अंगणवाडीसेविका यांनी बसून आपल्या गावातील आई वा बाप नसलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, आणि त्या नावाशेजारी त्याचे कोण हयात आहे हे, एका वहीत उतरवावे; ती वही घेऊन कारकुनाने गावात जावे, विधवेने कचेरीत येऊ नये. जी मुले याआधीच दूरच्या संस्थांत गेली आहेत त्यांचीही नावे त्यात असावीत आणि त्यांतील कोणाला आईजवळ परत आणता येईल हे बाल कल्याण समितीने एकेकाचे प्रकरण घेऊन पाहावे. ज्यांना खरोखरच कोणी नाही त्यांच्यासाठी लहान गटांची घरे हवीत, ती याच जिल्ह्यात हवीत. आणि ती चालविण्यास हिंदू, मुसलमान, बौद्ध वा ख्रिस्ती, जो कोणी पुढे येईल त्याला वळिवड्याचीच अट घालावी. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या सुटू लागतात. वही त्याआधी पुरी झाली पाहिजे.